वस्तीवर दगड आल्यावर पहिले तीन दिवस काय करायचं, आणि त्याआधीचे तीन महिने काय करायला हवं होतं

जय भीम दादा.

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. निफाड तालुक्यातलं गाव, जयंतीच्या मिरवणुकीवरून कुरबूर झाली, रात्री वस्तीवर दगड आले, एका पोराचं डोकं फुटलं, जातीवरून शिव्या दिल्या, पोलीस स्टेशनला गेले तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) हातात देऊन घरी पाठवलं. आता दोन दिवस झाले किराणावाला सामान देत नाही, खरड छाटणीच्या टोळीत वस्तीतल्या बायांना बोलवत नाहीत. पुढे काय करायचं, आणि हे आधीच थांबवता आलं असतं का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी मालेगावच्या तुमच्या मुस्लिम मित्रासाठी पण विचारलंय, त्याच्याकडे येतेच.

मी नाशिक जिल्ह्यात बरीच वर्षं पीडितांच्या बाजूने अॅट्रॉसिटीच्या, म्हणजे एससी-एसटींवरचे अत्याचार रोखणाऱ्या कायद्याच्या, केसेस लढवतेय. माझं मत आधीच सांगून टाकते, की अशी केस कोर्टात उभी राहते तेव्हा अर्धीअधिक ठरून गेलेली असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत कागदावर काय उतरलं आणि पुढची दोन-तीन वर्षं साक्षीदारांची चूल कशी पेटली, या दोन गोष्टींवर निकाल लागतो. वकील कितीही भारी असला तरी त्यानंतर त्याच्या हातात जे आलंय तेवढंच.

आधी फिर्याद. अॅट्रॉसिटी कायद्यातले सगळे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना एफआयआर नोंदवावाच लागतो, त्यामुळे एनसी देऊन वाटेला लावणं हेच मुळात चूक आहे. हल्ली नवीन एक प्रकार सुरू झालाय, बीएनएसएसचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(३) दाखवतात आणि सांगतात की आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करू मग बघू. तिथे शांतपणे अॅट्रॉसिटीचं कलम १८ अ पुढे करायचं. मार्च २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आधी चौकशी करायला सांगितलं होतं, त्यावर देशभर आंदोलन झालं आणि त्याच वर्षी संसदेने १८ अ घातलं, त्यात स्पष्ट लिहिलंय की एफआयआर नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही आणि अटकेला वरिष्ठांची परवानगी लागत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते वैध ठरवलंय. (एक सूट कोर्टाने ठेवली, की फिर्यादीवरून वरवर पाहताही गुन्हा दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन देता येतो. म्हणून तर फिर्याद कशी लिहिली जाते याला एवढं महत्त्व.)

आता फिर्यादीबद्दल जरा सविस्तर बोलते कारण सगळ्यात जास्त केसेस इथेच मरतात. फिर्याद घेणारा हवालदार काय लिहितो माहितीये? "आरोपींनी जातीवाचक शिवीगाळ केली." बस. एवढ्या एका ओळीवर पुढे आरोपीचा वकील उभा राहतो आणि विचारतो की नेमके शब्द काय, कोण बोललं, कोणाला बोललं, ऐकलं कोणी, आणि कागदावर उत्तर नसतं. पण नुसतं हवालदाराला दोष देऊन चालणार नाही. मी बघितलंय, साठीची बाई समोर बसलेली असते, आजूबाजूला चार पोलीस, दारात तिचा जावई उभा, आणि तिला सांगतात बोल काय शिवी दिली ती. ती शिवी तिच्या आईवरून, जातीवरून, अंगावरून असते, तिच्या तोंडून ती निघतच नाही, ती पदर तोंडाला लावते आणि म्हणते "लई घाण बोलले हो साहेब". मग साहेब लिहितात जातीवाचक शिवीगाळ. माझा रिवाज असा की आदल्या रात्रीच घरात बसून बाईमाणसाने आपल्या माणसाला सांगायचं आणि कागदावर जसेच्या तसे शब्द लिहून घ्यायचे, कोण बोललं, कुठे उभा होता, बाजूला कोण होतं, पथदिवा चालू होता का. तो कागद पोलीस स्टेशनला पुढे ठेवायचा, म्हणजे तिला ते चारचौघांत उच्चारायची गरज पडत नाही. शिवीचा शब्द कागदावर येणं हा तिचा अपमान नाहीये दादा, तोच पुरावा आहे, हे घरात समजावून सांगा.

"बाजूला कोण होतं" हे मुद्दाम म्हटलं. जातीवरून अपमान आणि शिवीगाळीची कलमं ३(१)(आर) आणि ३(१)(एस) लागायला घटना लोकांच्या नजरेसमोर घडलेली लागते. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये सांगितलंय की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना बोललं गेलं तर हे कलम बसत नाही. तुमच्याकडे तर वस्तीच्या रस्त्यावर घडलंय, म्हणजे अडचण नाही, पण ते "रस्त्यावर, अमुक अमुक हजर असताना" असं लिहिलं गेलं पाहिजे. आणि आरोपी गावातलेच, लहानपणापासून ओळखणारे असतील तर तेही लिहा, कारण कलम ८ प्रमाणे आरोपीची पीडिताच्या कुटुंबाशी ओळख असेल तर त्याला जात माहीत होती असं कोर्ट गृहीत धरतं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर जाते. डोकं फुटलंय त्यासाठी दगडाने मारण्याचं बीएनएसचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) ११८(१) आणि त्याच्या जोडीला अॅट्रॉसिटीचं ३(२)(व्हीए), हे दोन्ही आहेत का ते एफआयआर हातात आल्यावर तपासा. जमाव होता तर दंगलीची कलमंही.

लिहून झालं की वाचून दाखवायला सांगा, मगच सही किंवा अंगठा. अॅट्रॉसिटीच्या कलम ४ मध्ये हे पोलिसाचं कर्तव्य म्हणूनच लिहिलंय, वाचून दाखवणं, प्रत लगेच देणं, जबाब नोंदवणं, साठ दिवसांत दोषारोपपत्र, आणि यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, त्यामुळे हे हत्यार पहिल्याच दिवशी उगारू नका, नुसतं कलमाचं नाव घेतलं तरी बहुतेक वेळा सूर बदलतो. तरीही नाहीच घेतली फिर्याद, तर तोच मजकूर लेखी करून नाशिक ग्रामीणच्या एसपींना आडगावच्या ऑफिसला रजिस्टर पोस्टाने आणि प्रत्यक्ष, दोन्ही पाठवा, पोचपावती सांभाळा. तिथेही हललं नाही तर विशेष कोर्ट.

एक गोष्ट कळकळीने सांगते. रागाच्या भरात जे नव्हते त्यांची नावं घालू नका. जुना बांधाचा वाद आहे म्हणून भावकीतला एकजण जादा टाकला, आणि तो त्या रात्री नाशिकला लग्नात होता असे फोटो निघाले, की बाकी खऱ्या दहा जणांना पण सुटायला वाट मिळते. अंधारात चेहरे ओळखू आले नसतील तर "ओळखू आले नाहीत, समोर आले तर ओळखू" असं लिहा. त्याने केस कच्ची होत नाही.

दवाखाना. त्या पोराला कुठे नेलं होतं? खाजगीत टाके घातले असतील तर आजच सरकारी दवाखान्यात नेऊन एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद) करून घ्या. आणि डॉक्टर विचारतात कसं लागलं तेव्हा घाबरून "पडलो" म्हणायचं नाही. हे "पडलो" केसपेपरवर एकदा छापलं गेलं की पुढे तीन वर्षं पुसता येत नाही.

व्हिडिओ असतील तर ज्या मोबाईलवर काढलेत तो मोबाईल जपून ठेवा, मूळ फाइल डिलीट करू नका. व्हॉट्सअॅपवर फिरलेली कॉपी ही मूळ नव्हे, कोर्टात त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ फोनवरून जमतं. डेअरी, ग्रामपंचायत, पेट्रोल पंपाचे कॅमेरे असतील तर तपास अधिकाऱ्याला लेखी द्या की फुटेज ताब्यात घ्या, कारण बरेचसे डीव्हीआर थोड्या दिवसांत जुनं पुसून नवीन भरतात. त्या रात्री कोणी ११२ ला फोन केला असेल तर कॉल लॉगचा स्क्रीनशॉट ठेवा, वेळ सिद्ध करायला त्यासारखं दुसरं काही नाही.

तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, हा अॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांतला नियम ७. पीएसआय जबाब घेत सुटला असेल तर आत्ताच हरकत घ्या. आणि दोन महत्त्वाच्या साक्षीदारांचे जबाब मॅजिस्ट्रेटसमोर घ्यायला सांगा, म्हणजे बीएनएसएस १८३, जुनं १६४. त्याचं कारण पुढे येतंच.

काउंटर केस येईल, म्हणजे समोरच्यांची तुमच्यावर उलटी केस. बहुतेक ठिकाणी येतेच, आणि ती चोरीची, विनयभंगाची नाहीतर दरोड्याची असते, म्हणजे तुमच्या पोरांना पळायला लागतं आणि मग "तुम्ही मागे घ्या, आम्ही मागे घेतो" अशी बैठक बसते. एससी-एसटी माणसावर खोटी, द्वेषाने केस करणं हाच कलम ३(१)(पी) खाली गुन्हा आहे. लगेच लेखी हरकत द्या, पोरांना गावाबाहेर पळवू नका, वकिलामार्फत हजर करा.

आता बहिष्कार, कारण तुमच्या गावात माझ्या मते दगडांपेक्षा हे जास्त धोक्याचं आहे. दगडांची बातमी होते, किराणा बंद झाल्याची होत नाही, पण माणूस मोडतो तो इथे. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं किंवा टाकायची धमकी देणं हा अॅट्रॉसिटीत ३(१)(झेडसी) खाली वेगळा गुन्हा आहे, २०१६ पासून. शिवाय महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा यायच्या आधी जातपंचायतींविरुद्ध महाराष्ट्र अंनिसने (अंधश्रद्धा निर्मूलन समितीने) जी मोहीम २०१३ मध्ये काढली ती आपल्या नाशिकमधूनच सुरू झाली होती, पोटच्या लेकीला आंतरजातीय लग्नावरून बापाने मारलं त्या घटनेनंतर. तर पुरावा कसा करायचा: दोघींनी मिळून रोख पैसे घेऊन दुकानात जायचं, काय मागितलं आणि तो काय म्हणाला ते तारीख-वेळ घालून वहीत लिहायचं, जमलं तर रेकॉर्डिंग. टोळीच्या मुकादमाने फोनवर "मालकाने सांगितलंय तुमच्या वस्तीतल्या नको" असं म्हटलं असेल तर तो कॉल सोन्यासारखा. रेशन दुकानदार करत असेल तर त्याच दिवशी तहसीलदाराकडे अर्ज.

आणि सोबतच पोटाचं बघा. अॅट्रॉसिटीच्या नियम १२ प्रमाणे कलेक्टरने सात दिवसांच्या आत तातडीची मदत द्यायची असते, त्यात धान्य, कपडे, निवारा, औषधपाणी सगळं येतं. याशिवाय अर्थसहाय्य वेगळं. जातीवाचक अपमानाच्या गुन्ह्यात २०१६ च्या तक्त्याप्रमाणे एक लाख, त्यातले पंचवीस टक्के एफआयआर झाल्यावर, पन्नास टक्के दोषारोपपत्र गेल्यावर आणि उरलेले शिक्षा लागल्यावर. खुनात सव्वाआठ लाख आणि वारसाला दरमहा पेन्शन. हे पैसे आपोआप येत नाहीत, नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात समाज कल्याणच्या सहाय्यक आयुक्तांकडे पाठपुरावा करायला लागतो, जातीचा दाखला, पासबुक, एफआयआरची प्रत घेऊन. दाखला नसेल तर त्यासाठी एफआयआर अडवता येत नाही, पण अर्ज लगेच टाका कारण पुढे दोषारोपपत्र त्याच्यासाठी लटकतं. लोक म्हणतात पैशासाठी केस केली. म्हणू द्या. ज्या बाईची रोजंदारी तुटलीये तिला ते पंचवीस हजार मिळाले तर ती साक्षीपर्यंत टिकते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

खर्ड्याची केस आठवा, एप्रिल २०१४, शाळकरी वयाच्या दलित पोराला मारून टाकलं, सगळा महाराष्ट्र हादरला, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, एकामागून एक साक्षीदार फितूर झाले होते. त्याच तेव्हाच्या नगर जिल्ह्यातलं सोनईचं तिहेरी हत्याकांड, जानेवारी २०१३ चं, तो खटला मात्र नाशिकच्या सत्र न्यायालयात चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. दोन्ही केसेसचा पुरावा वेगळा होता, एकाच मापाने मोजू नये. पण साक्षीदार गावातच राहतो, आरोपीच्या काकाच्या शेतात कामाला जातो, पोरगं आरोपीच्या भाच्यासोबत शाळेत जातं, अशा वेळी तो तीन वर्षांनी कोर्टात काय बोलेल हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. म्हणून मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब लवकर घ्यायला सांगितला. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ खाली जिल्ह्यातच अर्ज करता येतो. कोर्टाच्या तारखेला येण्याजाण्याचं भाडं, बुडालेली मजुरी नियम ११ खाली मिळते, मागा. आणि अॅट्रॉसिटीचं कलम १५ अ, हे तर प्रत्येक वस्तीत पाठ पाहिजे: आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला मिळालीच पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच कारण देऊन, म्हणजे पीडिताला नोटीस दिली नव्हती म्हणून, दिलेला जामीन रद्द केलाय. सरकारी वकिलाकडे तसा एक अर्ज आजच देऊन ठेवा. स्वतःचा वकील लावायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, एससी-एसटीला तिथे उत्पन्नाची अट नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, थांबवता आलं असतं का. हो. तुम्हीच लिहिलंय की फेब्रुवारीतच बॅनर फाडला होता, मग शाळेच्या ग्रुपवर स्टेटस, मग मिरवणुकीच्या मार्गावरून बैठक आणि त्यात तोंडी ठरलं की पाराजवळून जाताना वाद्य बंद ठेवायचं. हे सगळं लेखी कुठेच नाही. आपल्या नाशिकचाच इतिहास घ्या, काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, रामनवमीच्या रथाबद्दल दोन्ही बाजूंचा आधी समझोता झाला होता की दोघांनी मिळून रथ ओढायचा, आणि प्रत्यक्ष त्या दिवशी दगडफेक झाली. तोंडी समझोता गर्दीपुढे टिकत नाही. बॅनर फाडला त्याच दिवशी एक पानाचा अर्ज पोलीस स्टेशन, प्रांत आणि तहसीलदार तिघांना गेला असता तर दोन गोष्टी झाल्या असत्या: चिथावणाऱ्यांना बीएनएसएस १२६ खाली (जुनं १०७) बॉण्ड घेता आला असता, आणि आज कोणी अधिकारी "आम्हाला कल्पना नव्हती" म्हणू शकला नसता. अॅट्रॉसिटीच्या कलम १७ मध्ये प्रतिबंधक कारवाईचा अधिकार आहे, नियम ३ मध्ये अत्याचारप्रवण गावं ठरवून तिथे बंदोबस्त, शस्त्रपरवाने रद्द करण्यापर्यंत तरतूद आहे. जिल्हा दक्षता समितीची बैठक कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच पाहिजे. गेल्या बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागा, तुमच्या तालुक्याचं नाव त्यात आहे का बघा.

ऑक्टोबर २०१६ आठवत असेल, तळेगाव-अंजनेरीला लहान मुलीवर अत्याचाराच्या प्रयत्नाचा आरोप झाला त्या घटनेनंतर रास्ता रोको झाले, एसटी बस जळाल्या, आणि मग काही गावांत ज्यांचा त्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नाही अशा दलित वस्त्यांवर हल्ले झाले, मोबाईल इंटरनेट बंद करायला लागलं. एका आरोपीवरून अख्ख्या समाजाकडे बोट वळायला एक रात्र पुरते, आणि अशा वेळी गावात रात्री फोन उचलणारा दुसऱ्या जातीचा एक माणूस असणं, मग तो पोलीस पाटील असो, शाळेचा मास्तर असो की द्राक्षाचा मोठा बागायतदार, याने दगड थांबलेले आहेत. त्यांच्याशी बोलणं आधीपासून चालू पाहिजे, घटना घडल्यावर ओळख काढून उपयोग नाही. भिवंडीत १९८४ ला भयंकर दंगल झाली होती, नंतर सुरेश खोपडे तिथे डीसीपी असताना त्यांनी मोहल्ला कमिट्या बसवल्या, हिंदू-मुस्लिम रोजचे कामकरी लोक आणि बीटचा हवालदार एकत्र, किरकोळ भांडणं तिथेच मिटायची, आणि १९९२-९३ ला मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. तिथे कोणी मोठी भाषणं केली नव्हती, नियमित भेटत होते एवढंच.

मालेगावच्या मित्राला सांगा की अॅट्रॉसिटी कायदा फक्त एससी-एसटीसाठी आहे. बौद्ध त्यात येतात, आदिवासी माणूस कुठल्याही धर्माचा असला तरी येतो, पण मुस्लिम म्हणून किंवा भटक्या-विमुक्तांतले बहुतेक लोक येत नाहीत. १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच डवरी गोसाव्यांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, त्यांना या कायद्याचं छत्र नव्हतं. ही मोठी उणीव आहे आणि माझ्या मते भटक्यांसाठी ती लवकरात लवकर भरून काढली पाहिजे. तरी हात अगदी रिकामे नाहीत: बीएनएस १०३(२), पाच किंवा जास्त जणांनी जात, समाज, भाषा, श्रद्धा अशा कारणावरून मिळून खून केला तर फाशी किंवा जन्मठेप. तसंच गंभीर दुखापतीला ११७(४), द्वेष पसरवण्याला १९६. आणि जुलै २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात झुंडहिंसेसाठी एसपी दर्जाचा नोडल अधिकारी असायला हवा. अफवेचा मेसेज आला की फॉरवर्ड न करता स्क्रीनशॉट, नंबर, वेळ यांसह त्या अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज, तोही लेखी.

आज रात्री शिव्यांचे शब्द आणि हजर माणसांची नावं लिहून काढा, एनसीची झेरॉक्स जोडा, सकाळी पोराला सरकारी दवाखान्यात न्या आणि तिथून चार-पाच जण, त्यात दोन बाया, निफाडला डीवायएसपी ऑफिसला जा. कोणी ऐकलंच नाही तर राष्ट्रीय अत्याचारविरोधी हेल्पलाइन १४५६६ ला तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर घ्या. एसपींच्या अर्जाचा मसुदा तुम्ही लिहा आणि इथे टाका, नावं झाकून, मी दुरुस्त करून देते.